बंद ॲपमधली ॲंजेला मावशी

वसईतल्या गास गावात चर्चच्या मागच्या आळीत ॲंजेला तुस्कानोला सगळे ओळखतात ते तिच्या अळूमुळे. विहिरीच्या पाटाला लागून तिनं लावलेला अळू घशाला खाजत नाही, असा त्याचा लौकिक. कुणाच्या घरी बारसं असो की दुखवटा, पानं तिच्याच वाडीतून जायची. नवरा क्लेमेंट मुंबईतल्या एका कंपनीतून निवृत्त होऊन आता केळी बघतो. एकुलती एक मुलगी ज्युली अंधेरीला नोकरी करते. लग्न होऊन ती वसई स्टेशनजवळ राहायला गेली, पण शनिवार-रविवार बहुतेक माहेरीच असते.

ॲंजेला घरात बोलायला बसली की थांबायची नाही. उंबऱ्याबाहेर मात्र तिचं तोंड मिटायचं. त्याचं कारण शाळेतलं होतं. गावच्या बोलीत 'ण' नाही. चौथीत एका गुरुजींनी तिला वर्गापुढे उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं. ती 'पानी' म्हणत राहिली आणि वर्ग हसत राहिला. गुरुजीही हसले. ते हसू तिच्या मनातून कधी गेलंच नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, डॉक्टरकडे, जिथे जिथे बोलायची वेळ येईल तिथे ती क्लेमेंटला पुढे करायची आणि आपण मागे पिशवी धरून उभी राहायची.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचं तिला एवढं अप्रूप. २०१९ सालातली गोष्ट. ॲंजेला ओट्यावर बसून अळूचे देठ सोलत होती, अंगावर लाल लुगडं होतं, आणि शेजारच्या मांजराला आपल्या बोलीत बजावत होती की सुक्या बोंबलांकडे बघू नकोस. ज्युलीनं गुपचूप तिचा व्हिडिओ काढला. त्या वेळी छोट्या व्हिडिओंचं ते चिनी ॲप घरोघरी होतं. पोरं त्यात नाचायची, म्हातारे त्यात विनोद सांगायचे. ज्युलीनं आईच्याच फोनवर, आईच्याच नंबरानं खातं उघडलं, 'ॲंजेला मावशी' असं नाव दिलं आणि तो व्हिडिओ टाकला. संध्याकाळपर्यंत तो गास सोडून कुठच्या कुठे गेला होता.

मग तो नादच लागला. रोज काहीतरी. कधी लुगडं कसं नेसायचं, कधी नाताळची नेवरी, म्हणजे करंजी, कशी मुडपायची, कधी नुसत्याच गप्पा. सुरुवात मात्र एकच. फोनकडे बघून ती म्हणायची, "जेवला का रं बाबा?" आणि थोडं थांबायची, जणू पलीकडून उत्तर येणार आहे. उत्तरं यायचीही. मस्कतला नर्स असलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं की ड्युटीला जाण्याआधी मी तुम्हाला लावते, कारण इथे जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कुणी नाही. ज्युलीनं ते वाचून दाखवलं तेव्हा ॲंजेला उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ज्या बोलीपायी ती जन्मभर गप्प बसली, ती बोली ऐकायला लोक वाट बघत होते. क्लेमेंट तिला चिडवायचा, पण बँकेत ती आता स्वतः पुढे होऊन बोलू लागली होती, हे त्यानंही पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये चीनच्या सीमेवर आपले जवान गेले, आणि महिना संपता संपता सरकारनं चिनी ॲपं बंद केली. टीव्हीवर सांगत होते की ही ॲपं आपली माहिती बाहेर नेतात, देशाला धोका आहे. दोनेक दिवसांत ॲंजेलाच्या फोनवर ते ॲप उघडेनासं झालं. उघडायला गेलं की सरकारच्या आदेशाची पाटी यायची. तिला वाईट वाटलं, पण तक्रार करावी असं काही वाटलं नाही. त्या जवानांच्या फोटोसमोर गावातल्या पोरांनी मेणबत्त्या लावल्या, तेव्हा तिनंही एक लावली. त्यापुढे आपलं देठ सोलणं ते काय, असं तिला वाटलं.

फक्त एकदा तिनं ज्युलीला विचारलं, "माझी काय माहिती बाहेर गेली असंल गं?"

"तुझी कसली माहिती, मम्मी? अळूची?" ज्युली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ज्युलीनं आईच्या फोनवरून ॲप काढून टाकलं. फोनवरचा तो चौकोन गेला म्हणजे सगळं गेलं, असं तिघांनीही धरलं. लॉकडाऊनमध्ये तो जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला, ज्युलीनं आईला नवा घेऊन दिला. व्हिडिओ साठवून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते त्या ॲपवरच होते. ज्युली म्हणाली, आपण दुसऱ्या ॲपवर सुरू करू. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत क्लेमेंटची आई गेली, घर सुनं झालं, आणि ॲंजेलाला पुन्हा फोनसमोर बसावंसं वाटलं नाही. ते सगळं एक बरं स्वप्न होतं असं समजून ती वाडीत रमली.

गेल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. तिशीचा एक तरुण उतरला. ॲंजेलाकडे बघितलं आणि तो जागच्या जागी थबकला. मग त्यानं पिशवीतून एक हिरवी बाटली काढून ओट्यावर ठेवली.

तो जितेश, कामणहून आला होता. तिथल्या एका गोदामात सुपरवायझर. वसईतली गावं धुंडाळत शेवटी गासच्या चर्चजवळ फोनमधला चेहरा दाखवून त्यानं घर विचारलं होतं. मारायच्या तयारीनंच निघालो होतो, असं त्यानं नंतर ज्युलीला सांगितलं. पण समोर ही बाई मातीचे हात घेऊन उभी, आणि तिच्या डोळ्यांत कसलीच ओळख नाही. त्याचा आवाज चढला तो रागानं नाही, रडू दाबताना.

"माझ्या आईनं तुमच्यावर विश्वास ठेवून साखरेच्या गोळ्या सोडल्या," तो म्हणाला. "चार महिने हा काढा पितेय. आता तिच्या पायाला जखम झालीय, ती भरत नाही. काय आहे या बाटलीत?"

ॲंजेलाला काहीच कळेना. क्लेमेंट वाडीतून धावत आला. जितेशनं फोन पुढे केला. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या एका ॲपवर आलेली ती जाहिरात होती. त्यात ॲंजेलाचाच ओटा होता. तिचं लाल लुगडं, मांडीवरची अळूची पानं, कानातली कर्णफुलं. सहा वर्षांपूर्वीची ती फोनबाहेर बघत हसली आणि म्हणाली, "जेवलात का?" मग थोडं थांबून, स्वच्छ, पुस्तकी मराठीत ती सांगू लागली की मला कित्येक वर्षं मधुमेह होता, गोळ्या खाऊन मूत्रपिंडं खराब होतात, आमच्या वसईच्या या परंपरागत काढ्यानं मी पूर्ण बरी झाले. 'परंपरागत' हा शब्द ॲंजेलानं जन्मात उच्चारला नव्हता. तिला मधुमेहही नव्हता. पण आवाज तिचा होता. ओठ तिचे हलत होते. आणि तिनं पुनःपुन्हा ऐकलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की त्या बाईचे सगळे 'ण' बरोबर येत होते.

"हे मी बोलले नाय," ती जितेशला म्हणाली.

जितेशनं तिच्या मातीच्या हातांकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला असावा, कारण तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

त्या संध्याकाळी ज्युली ऑफिसातून परस्पर गासला आली. तिनं जाहिरात पाहिली आणि तिला पहिल्यांदा कळलं की ॲप आपल्याकडे बंद झालं होतं, जगात नाही. तिनं कॅनडातल्या चुलतभावाला, रॉकीला, फोन लावला. त्यानं तिथे ते ॲप उघडून नाव शोधलं. 'ॲंजेला मावशी' जशीच्या तशी होती. सगळे व्हिडिओ, लोकांनी खाली लिहिलेली प्रत्येक ओळ, मस्कतच्या त्या मुलीचीसुद्धा. बघणारे उलट वाढले होते. कुणीतरी तिथूनच ते व्हिडिओ उचलून, एआयकडून तिच्या तोंडी नवे शब्द घालून घेतले असणार. इतकी वर्षं ॲंजेला तिथे कुणाच्याही हाती लागेल अशी बसून होती, आणि तिच्या स्वतःच्या घरच्यांनाच तेवढं तिकडे जाता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी सायबर पोलिसांकडे गेल्या. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. जाहिरात ज्या ॲपवर आली त्यांना कळवतो म्हणाला, आणि कळवलंही. आठवड्याभरात ती उतरली. पण तोवर तिच्यासारख्या आणखी दोन, वेगळ्या नावांनी, वर आल्या होत्या. एकीत काढा होता, दुसरीत गुडघ्याचं तेल. बाटलीवरचा पत्ता खोटा निघाला. जाहिरात देणारे कोण ते कळलं नाही, देशाबाहेरचे असावेत, एवढाच तपास लागला.

ज्युलीनं विचारलं, मूळ खातंच बंद करता येणार नाही का? म्हणजे नवीन उचलायला काही उरणारच नाही.

अधिकाऱ्यानं हात पसरले. "ते ॲप इथे कायद्यानं बंद आहे, मॅडम. त्यांचं इथे कार्यालय नाही, माणूस नाही. मी नोटीस पाठवायची कुणाला?"

ॲंजेलानं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. ती म्हणाली, "साहेब, आमची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून बंद केलं होतं ना ते?"

"हो," तो म्हणाला. "पण तुमची आधीच गेली होती." त्याला ते बोलून वाईट वाटलं असावं. दारापर्यंत सोडायला आला.

ज्युली मग हट्टाला पेटली. खातं मालकानंच पुसायचं, तर मालकीण ही बसली आहे. रॉकीनं तिकडून आत शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड कुणाला आठवत नव्हता. तो नसेल तर नोंदलेल्या नंबरावर ओटीपी जाणार, आणि तो नंबर कधीच मेलेला. ज्युलीनं सहज तो लावून पाहिला, तर वाजला. मोबाइल कंपनीनं तो दुसऱ्याला दिला होता. नांदेडकडचा कुणी शेतमालाचा व्यापारी. ज्युलीनं त्याला नम्रपणे समजावलं की हा नंबर पूर्वी माझ्या आईचा होता, तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा येईल, तेवढा सांगा.

तो हसला. म्हणाला, "ताई, तुमच्यासारखे रोज दोन फोन येतात मला. ओटीपी कुणाला देऊ नका, हे सरकारच सांगतं ना?"

ज्युलीनं शपथा घेतल्या. मग ॲंजेलानं फोन घेतला आणि आपल्या बोलीत, अडखळत, त्याची विनवणी केली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक. त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. आपण त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, असं क्लेमेंट म्हणाला. ॲपच्या कंपनीला परदेशी पाठवलेल्या मेलला उत्तर आलं ते यंत्राचंच: आपल्या प्रदेशात ही सेवा उपलब्ध नाही.

या सगळ्यात ॲंजेलाच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. जितेशची आई. तिला भेटल्याशिवाय चैन पडेना. क्लेमेंट नको म्हणत होता. उगाच अंगाशी येईल, त्यांच्या घरचे चार लोक जमतील. ती ऐकेना. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिनं ज्युलीला बरोबर घेतलं आणि रिक्षानं कामण गाठलं.

मनोरमाबाई मूळच्या राजापूरकडच्या. नवऱ्यामागे शिवणकाम करून त्यांनी जितेशला वाढवलं. खाटेवर बसल्या होत्या, डाव्या पायाला बँडेज. दारात ॲंजेलाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई, मावशी! या, या. जितू, खुर्ची दे." मग हसून म्हणाल्या, "तुम्ही माझ्याहून लहानच असाल, पण व्हिडिओत सगळे मावशीच म्हणतात ना."

त्यांनी ॲंजेलाचा हात हातात घेतला तो सोडेचनात. दुपारी घरात एकटीच असते, म्हणाल्या, टीव्हीवर सगळी भांडणं; तुमचा चेहरा बघितला की बरं वाटतं. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, तुम्ही सांगितलंत म्हणून सुटले त्यातून. हे पायाचं मेलं मध्येच निघालं, त्याचा काढ्याशी काय संबंध, डॉक्टर उगाच घाबरवतात. जितेश मागे उभा राहून खाली बघत होता. त्यानं हे सगळं आईला दहादा समजावलं होतं.

ॲंजेलानं त्यांना सांगितलं. जपून, शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द चाचपत सांगितलं, की ते बोलणं माझं नाही. चोरांनी माझं तोंड वापरलं. मला साखर नाही, काढा मी बनवत नाही, बनवता येतही नाही. तुम्ही गोळ्या घ्या.

मनोरमाबाई ऐकत होत्या. त्यांनी उशाखालचा फोन काढला, जितेशनं कितीदा तरी पुसलेली ती जाहिरात पुन्हा कुठूनशी काढली आणि लावली. एकदा फोनकडे, एकदा ॲंजेलाकडे बघितलं. फोनमधली मावशी तुकतुकीत होती, ठाम होती, एकदाही अडखळत नव्हती. समोरची थकलेली होती, केस पिकलेले, आणि बोलताना तिचा शब्द तुटत होता.

"तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?" त्यांनी हळूच विचारलं. "डॉक्टर लोकांनी?"

"नाही हो."

"मग तुम्हीच सांगितलंत सोडा. आता तुम्हीच सांगता घ्या." त्यांनी फोन खाटेवर उलटा ठेवला. "मी कुठल्या मावशीचं ऐकू?"

ॲंजेला त्यांचा हात धरून बसली. निघताना तिनं त्यांना अजून एकदा सांगितलं, गोळ्या घ्या. त्या 'बरं' म्हणाल्या, पाहुण्यांना म्हणतात तसं. रिक्षात ज्युलीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. ॲंजेला म्हणाली, तिचं चुकलं नाही, मी तशी बोलले असते तर मीच माझ्यावर विश्वास ठेवला असता.

नाताळच्या आधी मनोरमाबाईंचं पाऊल काढावं लागलं. जितेशनं ज्युलीला मेसेज करून कळवलं. त्यात दोष दिलेला नव्हता. ज्युलीनं फोन केला तर त्यानं उचलला नाही, पुढेही कधी उचलला नाही. त्या वर्षी ॲंजेलानं नेवऱ्या केल्या नाहीत. फादरना सांगून तिनं चर्चमध्ये घोषणा करवून घेतली की जाहिरातीतली बाई खोटी आहे, औषध घेऊ नका. लोकांनी मान डोलावली. पण ऐकणारे सगळे गासचे. त्यांना ती कोण ते ठाऊकच होतं. ज्यांना ऐकवायचं होतं ते कुठल्या गावात, कुठल्या खाटेवर बसले होते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

हळूहळू तिचं बाहेर जाणं कमी झालं. एकदा राजोडीच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसली असताना समुद्रावर आलेल्या एका कुटुंबानं तिला ओळखलं आणि तेलाची बाटली आहे का विचारलं. तिनं नाही म्हटलं, तर ते म्हणाले, ऑनलाइनच मिळते वाटतं. फोटो काढू का म्हणाले. ती टोपली तिथेच टाकून उठली. तेव्हापासून भाजी क्लेमेंट नेतो. बँकेतही पुन्हा तोच जातो. शेजारीपाजारी आता तिच्या तोंडून हो किंवा नाही एवढंच ऐकतात.

अधिकाऱ्याचा अधूनमधून फोन येतो. तपास चालू आहे, असं तो सांगतो, आणि ॲंजेलाला ठाऊक आहे की तो खोटं बोलत नाही. रॉकी तिकडून दर काही दिवसांनी त्या खात्याविरुद्ध तक्रार टाकतो. आपण तपासलं, नियमांचा भंग आढळला नाही, असं उत्तर येतं. त्यात चूकही नाही. मूळ व्हिडिओंत एक बाई अळू सोलते आहे, एवढंच तर आहे.

परवा रॉकीनं आणखी एक जाहिरात पाठवली. ही तमिळमध्ये होती. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून ज्युलीनं ती लावली. ॲंजेलाला बघायची नव्हती, पण कान झाकता येईनात. आपलाच आवाज, सराईतपणे, भराभर, तिला न कळणाऱ्या भाषेत कुणाला तरी काहीतरी सोडायला सांगत होता.

"काय सांगतेय ती?" क्लेमेंटनं विचारलं.

"मला काय म्हाईत," ॲंजेला म्हणाली.

ज्युली बंद करणार तोच क्लेमेंटनं तिचा हात धरला. व्हिडिओत मागे, दाराच्या चौकटीत, कुणीतरी सूप घेऊन बसलं होतं. तांदूळ निवडणारे हात, आणि मध्येच सुनेचं बोलणं ऐकून वर झालेला, बोळक्या तोंडानं हसणारा चेहरा. क्लेमेंटची आई होती ती. चोरांनी तिला पुसलं नव्हतं, त्यांना ती आड आली नव्हती. घरात तिचा एकच फोटो होता, तोही आजारी असतानाचा.

"परत लाव," तो म्हणाला.

ज्युलीनं आईकडे पाहिलं. ॲंजेला पदर तोंडाला लावून मागच्या त्या चौकटीकडे बघत होती. ज्युलीनं आवाज बंद केला आणि जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लावली.